गुडघ्याएवढा नळ

बोरगडच्या राजेसाहेबांनी चौकात मधोमध नळ बसवला, तोही मुद्दाम गुडघ्याएवढा. शेजारीच त्यांचा नवाकोरा पुतळा. पाणी प्यायला येईल तो आपोआप पुतळ्यापुढे वाकेल, ही त्यांची हुशारी. कंबर धरलेली म्हातारी माणसं मात्र तहानलेलीच परत जायची.

सगुणा कासारणीचं बांगड्यांचं दुकान चौकातच होतं. तिचीही कंबर कुरकुरायची, पण जीभ ठणठणीत होती. एक दिवस ती नळाच्या पलीकडच्या बाजूला गेली, पुतळ्याकडे पाठ केली आणि कण्हत वाकून पोटभर पाणी प्याली. झालं! सगळं गाव तसंच पिऊ लागलं. पुतळ्यासमोर दिवसभर नुसती ढुंगणांची रांग.

राजेसाहेब लालबुंद होऊन चौकात आले. "कासारणी, हा माज? गावातून हाकलून देईन!"

"हाकला की सरकार," सगुणा पदर सावरत म्हणाली. "पण आधी बघा, पुतळ्याच्या समोर कोण बसलंय?"

समोर मारुतीचं देऊळ होतं.

"एवढं खाली वाकलं की माणसाचं एक टोक खाली जातं आणि दुसरं वर येतं. ते वरचं टोक तुमच्याकडे करायचं की मारुतीरायाकडे, तेवढा हुकूम काढा. दवंडी मी पिटते."

राजेसाहेबांनी पुतळ्याकडे पाहिलं, मग मारुतीकडे. गावकरी हात बांधून हुकुमाची वाट बघत होते.

संध्याकाळच्या आत नळ छातीएवढा उंच झाला. सगुणा ताठ उभी राहून पाणी प्याली आणि पुतळ्याला म्हणाली, "आता कसं! देवाची, तुमची आणि माझ्या कंबरेची, तिघांचीही अब्रू राहिली."