अर्धे घरटे

ज्या विश्वंभराने मुंगीलाही निवारा दिला, त्याच्या चरणी आधी माथा ठेवतो.

फार पूर्वी नगराबाहेरच्या तळ्याकाठी एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. त्यांची रीत अशी, की नराने घरटे अर्धे विणावे आणि मादीला पसंत पडले तरच पुरे करावे. रानातल्या एका हत्तीला स्नानासाठी तो काठ मोकळा हवा होता. तो बाभूळ पाडायला आला, तेव्हा सारे पक्षी एकजुटीने त्याच्या डोळ्यांवर झेपावले आणि त्याला परतावे लागले.

दुसऱ्या दिवशी त्याचा कारभारी कोल्हा आला. "पुऱ्या घरट्यांना हात लावणार नाही. अर्धी तेवढी काढू. लोंबत्या गवताला घर कोण म्हणतं?"

"खरंच आहे," पुऱ्या घरट्यातला म्हातारा पिवळोबा म्हणाला.

ज्याचे घरटे अजून अर्धेच होते तो तरणा भोरू कळवळला. "काका, काकू पाहायला आल्या तेव्हा तुमचंही अर्धंच होतं ना?"

"तेव्हाचं तेव्हा. आता माझी पिल्लं आत आहेत. मी कशाला ओरडू?"

अर्धी घरटी ओरबाडली गेली. भोरू आणि त्याचे सोबती दूर उडून गेले. मग हत्ती पुन्हा आला. पिवळोबाने जीव तोडून हाका मारल्या, पण झेपावायला चोची उरल्या नव्हत्या. बाभूळ कोसळली, पिल्ले पाण्यात गेली.

"शब्द दिला होतास!" पिवळोबा आक्रोशला.

"घरट्यांना कुठे हात लावला?" कोल्हा म्हणाला. "झाड तेवढं पाडलं."

पुढे परक्या झाडावर पिवळोबाने पुन्हा विणायला घेतले. घरटे अर्धे झाले, आणि कोणाची चाहूल लागली की तो विणणे सोडून त्यावर पंख पसरी.

ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरावर, पुऱ्या आणि अर्ध्याही, त्या दयाघनाची सावली राहो.