इनासचं मोठं प्रायश्चित्त

फार फार मागे, इतकं मागे की तेव्हाच्या राजांची नावंही आता कुणाला सांगता येत नाहीत, एका खाडीच्या काठाला एक गाव होतं.

गाव टेकडीवर, आणि भातशेती खाली, खाडीच्या पाण्याहूनही खोलात. मधे नुसता एक मातीचा बांध. खेकडे त्या बांधाला भोकं पाडायचे. अमावास्या-पुनवेला भर दुपारी उधाण आलं की त्या भोकांतून खारं पाणी आत घुसायचं. म्हणून गावाने एक रीत घालून दिली होती. उधाणाच्या दिवशी दोन घरांतल्या दोघांनी बांध राखायचा. भोक पडलं की एकाने त्याला पाठ लावून बसायचं, दुसऱ्याने धावत चिखल आणून थापायचा. हे एकट्याचं काम नव्हेच. बसलेला उठला तर बांध जातो, आणि चिखल आणणारा आला नाही तर बसलेला जातो.

इनास आणि सांतान ही अशीच एक जोडी. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. पण एका पुनवेला इनास लग्नाच्या जेवणात रमला. "सांतान आहे की तिकडे! मी एक दिवस नसलो तर काय आभाळ कोसळणार आहे?" असं म्हणून त्याने आणखी एक पेला पुढे केला. तिकडे बांधाला भोक पडलं. सांतान पाठ लावून बसला आणि जोडीदाराला हाका मारत राहिला. लोक पोहोचले तेव्हा बांधही नव्हता आणि सांतानही.

इनासचं काळीज फाटलं. तो फादरांच्या पायाशी पडला आणि सगळं कबूल केलं. म्हाताऱ्या फादरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "पोरा, देवाने तुला माफ केलंय. आता जा, आणि सांतानच्या घराचा आधार हो."

"एवढंच?" इनासने विचारलं.

"एवढंच."

इथेच गाडं अडलं बघा. एवढ्या मोठ्या पापाला एवढीशी शिक्षा? माणूस मेला, आणि मी काय, त्याच्या घरचं छप्पर शाकारायचं? इनासच्या मनाला ते पटेना. गावाने पुन्हा घातलेल्या बांधाजवळ एक दगडी क्रूस होता. तो तिथे जाऊन गुडघे टेकून बसला, तो बसलाच. ऊन बघितलं नाही, पाऊस बघितला नाही. बहीण भाकरी आणून ठेवायची ती कधी खायचा, कधी कावळ्यांना जायची. गुडघ्यांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. लोक लांबून हात जोडायचे. "काय पश्चात्ताप आहे हो!" म्हणायचे. आणि खरं सांगू? ते ऐकून त्याला जरा बरंही वाटायचं.

सांतानची बायको कातरीन एकदा तिथे आली. पांढरी साडी, हात कामाने भेगाळलेले.

"भावजी, उठा," ती म्हणाली. "मी तुम्हाला माफ केलं. सोपं नव्हतं, रोज रडले, पण केलं. आता आमच्या घरचा पहारा मलाच करायचाय. बाकी सगळ्यांच्या जोड्या ठरलेल्या आहेत. माझ्या जोडीला तुम्हीच आहात."

इनासने मान वर केली नाही. "वहिनी, मी पापी माणूस. या हातांनी त्या बांधाला शिवायची माझी लायकी नाही."

"लायकीचं काय घेऊन बसलात? चिखल तर आणायचाय!"

त्याने पुन्हा क्रूसाकडे तोंड वळवलं. ती निघून गेली. गावात तिने सांगितलं, "येतील भावजी. पहाऱ्याच्या दिवशी नक्की येतील." बिचारीचा विश्वास होता हो त्याच्यावर.

पहाऱ्याचा दिवस आला. भर दुपार, पाणी फुगलेलं. गाव वर टेकडीवर जेवायला बसलेलं. कातरीन एकटीच बांधावर फिरत होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत भोक पडलं. ती पाठ लावून बसली.

"भावजी! चिखल आणा!"

क्रूस तिथून हाकेच्या अंतरावर. इनासने हाक ऐकली, चांगली स्पष्ट ऐकली. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. 'हे हात घेऊन जाऊ? ह्याच हातांनी सांतानला मारलं. माझ्यासारख्याने लावलेला चिखल टिकेल तरी का? त्यापेक्षा देवालाच बोलावतो.' त्याने डोळे मिटले आणि मोठमोठ्याने प्रार्थना म्हणायला लागला.

"भावजी, धावा हो!"

त्याने आवाज आणखी चढवला. अरे, देव आणखी कुणाच्या आवाजात बोलावणार होता तुला? पण हे त्याला कोण सांगणार? हळूहळू हाका विरल्या. इनासला वाटलं, देवाने ऐकलं. त्याने डोळे उघडले तेव्हा शेतांवर पाणी पसरलेलं होतं आणि बांधावर कुणी नव्हतं.

गाव धावत खाली आलं. कातरीन सापडली, पण तिच्यात जीव नव्हता. फादरांनी तिच्या कपाळावर क्रूसाची खूण केली. मग ते इनासकडे वळले.

"फादर," इनास ओक्साबोक्शी रडत म्हणाला, "आता तर मला माफीच नाही."

"आहे रे," फादर म्हणाले. "आजही आहे. तेव्हाही होती. हेच तर दुःख आहे. देवाने तुला मोकळं केलं ते तिच्यासाठी, आणि तू इथे स्वतःला बांधून बसलास."

"मी काय करू?"

"लोक बांध घालतायत. जा, चिखल वाहा."

इनास उठायला गेला. गुडघे हलेनात. त्याने पुन्हा जोर केला, क्रूसाला धरून पाहिलं, दोघांनी बखोटीला धरून उचललं. पण पाय दुमडलेले ते दुमडलेलेच राहिले. ज्या गुडघ्यांचं गाव कौतुक करत होतं, ते आता दहा पावलं चालण्याच्याही कामाचे नव्हते.

लोकांनी तीन दिवसांत बांध घातला. इनास क्रूसाजवळ बसून बघत राहिला. खाऱ्या पाण्याने नासलेल्या शेतात तीन वर्षं दाणा पिकला नाही. सांतान-कातरीनच्या घराला कडी लागली ती कायमची. इनास पुढे पुष्कळ वर्षं जगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो विचारायचा, "माझ्याजोगं काही काम आहे का?" लोक कळवळून नाही म्हणायचे आणि पुढे जायचे.

तात्पर्य: देवाने माफ केलं की माणसाने उठून कुणाच्या तरी हाकेला धावावं, माफी न घेता आपल्याच पापाला कवटाळून बसणं, हे दुसरं पापच.