शिंगाच्या धनुष्यातली चीर

फार पूर्वी वेत्रावती नगरात राजा जयभद्र राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी धनुष्यांची राखण करणारा म्हणून जन्माला आला होता. त्याचे नाव वेणुक. राजाला तळ्यावरच्या बदकांच्या शिकारीचा फार नाद. शिकारीहून आलेल्या धनुष्याची वेणुक आधी दोरी उतरवी, ओल पुसून ते सावलीत वाळवी, मग लाकडाला तेल आणि दोरीला मेण लावी. कामात त्याने कधी कसूर केली नाही. पण मारलेली बदके वाड्यात आली की त्या दिवशी त्याला जेवण जात नसे.

एकदा राजाचे आवडते शिंगाचे धनुष्य पुसताना त्याला मुठीजवळ केसाएवढी चीर दिसली. शिंग आणि लाकूड जोडणारा सरस आच लागून सुटत चालला होता. वेणुक शिकाऱ्यांचा नायक कळंब याच्याकडे गेला.

"नायक, हे शेकोटीवर वाळवलंत का?"

कळंबाचा चेहरा उतरला. "चिंब भिजलं होतं रे. महाराजांची घाई. आता चिरेत मेण भर आणि गप्प बस. उद्या पाहुणे राजे शिकारीला येताहेत."

"ताणलं की मोडेल. तुकडा सरळ महाराजांच्या डोळ्यात जाईल."

"मग जाऊ दे की! तुला बदकांचा एवढा कळवळा. डोळा गेला की शिकार बंद. तुला घरबसल्या पुण्य!"

कळंब खोटे बोलत नव्हता. बोटभर मेणाने तळ्यावरची सगळी पाखरे वाचली असती. पण वेणुक धनुष्य उचलून राजाकडे गेला आणि त्याला चीर दाखवली.

राजा चिडला. "पाखरांसाठी बहाणे सांगतोस? आण इकडे, मीच ताणून बघतो."

"ते माझं काम आहे, महाराज." वेणुकाने दोरी चढवली, तोंड फिरवले आणि धनुष्य ताणले. ते कडकन मोडले. तुकड्याने त्याचे कानशील फाटले.

कळंब पुढे येऊन राजाच्या पायाशी बसला. "मी शेकोटीवर धरलं होतं, महाराज. चूक माझी."

राजा वेणुकाकडेच पाहत होता. "हे उद्या माझ्या हातात मोडलं असतं, तर तुझी पाखरं वाचली असती. मग सांगितलंस का?"

"पाखराला बाण लागला की मला जिथं दुखतं, महाराज, तुमचा डोळा गेला असता तरी तिथंच दुखलं असतं."

राजाने आपल्या उपरण्याने त्याचे रक्त पुसले. कळंबाला त्याने शिक्षा केली नाही. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या नावा तळ्यावर गेल्या, तेव्हा त्यांत फळांच्या टोपल्या होत्या. धनुष्य एकही नव्हते.

पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा कळंब म्हणजे आज चूक कबूल करायला आलेला हा भिक्षू सुवास. राजा म्हणजे त्याला क्षमा करणारा ज्येष्ठ भिक्षू, स्थविर धर्मरुची. आणि वेणुक मी होतो. ज्याच्या हातून आपल्याला दुःख होते, त्याच्याही डोळ्याला जपणे, याला मैत्री म्हणतात."