आधी दिवस कोणी सुचवायचा

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हा नदीलाही नाव नव्हतं. नदीच्या अलीकडे धान्याचं राज्य होतं, पलीकडे मिठाचं. मधल्या पुलावरून धान्य जाई, मीठ येई आणि दोन्हीकडची माणसं सुखाने जेवत.

एका वर्षी जकातीवरून दोन्ही राजांचं बिनसलं आणि पुलाचं फाटक बंद झालं. नेमकं त्याच वर्षी पलीकडे पीक बुडालं. अलीकडे धान्याने भरलेल्या गाड्या फाटकापाशी खोळंबल्या, पलीकडे चुली थंड पडल्या. दोघा राजांनी एकदा समोरासमोर बसून जकात ठरवायची, एवढंच काम होतं.

पण बसायचं कधी? तिथे रीत आडवी आली. जो आधी दिवस सुचवेल तो गरजू, असं त्या मुलखात मानत. आणि सुचवलेला दिवस लगेच कबूल करणं म्हणजे हावरेपणा.

मग दोन्हीकडचे वकील शाली पांघरून ये-जा करू लागले.

"आपल्याला सोयीचा तोच आम्हाला," हे म्हणत.

"छे, छे, आधी आपण सांगा," ते म्हणत.

पानसुपारी होई आणि मंडळी घरी जात. त्यांच्यासाठी फाटक बरोबर उघडत असे. सांगताना मला अजून चीड येते.

गाडीवानांच्या तांड्यात एक म्हातारी होती. तिची लेक पलीकडच्या गावात दिलेली. म्हातारी थेट अलीकडच्या राजापुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझी नात तिकडं उपाशी आहे. एक दिवस सांगून टाका."

राजा हळहळला, अगदी मनापासून हळहळला. "आजीबाई, आम्हालाही वाईट वाटतं. पण आधी त्यांनी विचारायला हवं. राज्याच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

"इभ्रत तुमची, आणि उपास तिनं करायचा?"

"जपून बोला," प्रधान गुरकावला. राजाने तिला लुगडं देऊन वाटेला लावलं.

पावसाळा आला आणि गेला. गाड्यांतल्या धान्याला मोड आले.

मग एके दिवशी अलीकडच्या राजाच्या मुदपाकखान्यातलं मीठ संपलं आणि आमटी अळणी झाली. त्याच सुमारास पलीकडच्या राजाला भाकरीऐवजी रानातले कंद वाढले गेले. झालं, रीत कुठल्या कुठे पळाली. सकाळी दिवस सुचवला गेला आणि संध्याकाळी कबूलही झाला.

पुलावर मांडव पडला. आलेल्या राजांना सीमेवरच्या सर्वांत वडील बाईने ओवाळायचं, अशीही एक रीत होती. म्हातारी ताट घेऊन पुढे आली. ताटात निरांजन नव्हतं. मोड येऊन काळे पडलेले दाणे होते.

"ओवाळा ना," प्रधान कुजबुजला.

"हा दिवस तुमच्या सोयीचा आहे," ती राजांना म्हणाली. "माझ्या नातीला तो गाठता आला नाही. ती गेल्या अवसेला गेली."

तिने ताट दोन आसनांच्या मधोमध ठेवलं आणि ती निघाली. तिच्यामागोमाग गाडीवानांनी बैल जुंपले आणि गाड्या वळवल्या. पलीकडचं गाव तर केव्हाच उठून गेलं होतं.

राजांनी जकात ठरवली, शिक्के उमटवले, फाटक सताड उघडलं. त्यातून ना कोणी आलं, ना कोणी गेलं. एक राजा जन्मभर अळणी आमटी जेवला, दुसरा कंद.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: उपाशी माणसासाठीची बैठक पोटभर जेवलेल्यांच्या सोयीने ठरली, तर ती तो मेल्यावरच भरते.