मिठाच्या कोठारातलं पिल्लू

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नाव आज कुणालाही सांगता येणार नाही, आणि सांगता आलं नाही म्हणून काही बिघडतही नाही. खाडीच्या काठाला एक गाव होतं. गावाचा धंदा मिठाचा. उन्हाळाभर लोक खाडीचं पाणी मिठागरात घ्यायचे, पाणी आटलं की मीठ ओढायचे, आणि पावसाळा तोंडावर आला की सगळं मीठ राजाच्या दगडी कोठारात नेऊन टाकायचे.

त्या कोठारावर राजाने एक कोठावळा नेमला होता. माणूस सचोटीचा. चोरीचं नाव सोडा, पायाला चिकटून चिमूटभर मीठ घरी आलं तरी उंबऱ्यावरून परत फिरायचा आणि कोठारात जाऊन पाय झटकून यायचा. बायको हसायची, पण तोंडावर पदर धरून. त्याने वीस पावसाळे राजाचं मीठ कोरडं राखलं होतं. या गोष्टीचा त्याला मोठा अभिमान होता, आणि आपल्याला अभिमान आहे हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. तुम्ही लहान असा की थोर, असा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल.

कोठाराचे नियम कडक होते. ओली वस्तू आत ठेवायची तर आधी पुसून काढायची. पाण्याचं भांडं आत न्यायचं नाही. संध्याकाळी दार लावलं की फटी चिखलाने लिंपायच्या, लिंपणावर राजाची मोहर उठवायची, आणि सकाळी दारावर ऊन पडलं की मगच ते लिंपण फोडायचं. मधल्या वेळात दार उघडलं तर दमट हवा आत शिरते आणि मीठ पाझरतं.

मिठाचा एक गुण गावाने फार पूर्वी हेरला होता. मीठ आसपासची ओल ओढून घेतं. म्हणून पावसाळ्यात गावातला जो तो आपली दमट वस्तू रात्रीपुरती कोठारात ठेवायला आणायचा. कुणी बियाण्याची पिशवी आणायचं, कुणी घोंगडी. देवळाच्या गुरवाचा ढोल तर दर आठवड्याला यायचा. ओलीने मऊ पडलेलं कातडं सकाळपर्यंत ताणून यायचं आणि ढोल खणखणीत वाजायचा. तो वाजला की कोठावळा बायकोकडे बघायचा. बोलायचा काही नाही, नुसता बघायचा.

गावाच्या शेवटाला, खाडीच्या बांधाजवळ एका म्हातारीची झोपडी होती. तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. गावातल्या विहिरी खाऱ्या. गोड पाण्याची एकच विहीर, ती बांधापलीकडे. बांध अरुंद, जागोजागी फुटलेला. म्हातारीने एक कुत्री पाळली होती, तिच्या गळ्यातली दोरी धरून ती रोज विहिरीवर जायची. बांध फुटलेला असेल तिथे कुत्री थांबायची, आणि म्हातारी काठीने चाचपून पाऊल टाकायची. एका उधाणात ती कुत्री वाहून गेली. तिच्या मागे एकच पिल्लू जगलं.

म्हातारीने ते पदराखाली वाढवलं. दोन-तीन महिन्यांचं झालं तशी त्याच्या गळ्यात दोरी बांधली आणि त्याला बांधावर चालायला शिकवू लागली. पिल्लू नादान. फुलपाखरामागे ओढायचं, मधेच बसायचं. पण फुटक्या बांधापाशी आलं की कसं कोण जाणे, आपोआप थांबायचं. आपल्याला परत डोळे मिळणार, असं म्हातारीला वाटू लागलं होतं.

त्या वर्षी पाऊस धरला तो सुटेचना. पाच दिवस झाले, सहावा उजाडला, आणि त्या संध्याकाळी वाऱ्याने म्हातारीच्या झोपडीवरचा पेंढा उडवून नेला. ती पिल्लाला पोटाशी धरून चाचपत चाचपत कोठावळ्याच्या दारी आली. पिल्लू नखशिखांत भिजलं होतं आणि थरथरत होतं.

"दादा," ती म्हणाली, "माझं छप्पर गेलं बघा. मला काही नको, माझं चालतंय. पण एवढी रात ह्याला ठेवून घ्या. तुमच्याइतकी कोरडी जागा गावात कुणाकडं नाही."

कोठावळ्याला बरं वाटलं. भल्या माणसाला मदत मागितली की वाटतं तसंच वाटलं. "आणा आजी," तो म्हणाला. "काळजी करू नका. सकाळी येऊन घेऊन जा, ओलीचा टिपूससुद्धा राहणार नाही अंगावर."

आतून बायको म्हणाली, "आजी, तुम्ही पण थांबा की. कुठं जाता असल्या पावसात?"

म्हातारी क्षणभर घोटाळली. घराच्या धन्याने बोलवावं म्हणून थांबली असेल. पण कोठावळा तेव्हा पिल्लाला उचलून उजेडात बघत होता, कितपत ओलं आहे ते. तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. "मी बसते माझ्या झोपडीत, कोपऱ्यात घोंगडी घेऊन," असं म्हणत ती पावसात निघून गेली.

"आणा ते इकडं," बायको म्हणाली. "चुलीत निखारे आहेत अजून. पोत्यावर निजवते."

"चुलीपाशी नको," कोठावळा म्हणाला. "भिंती पाझरताहेत, जमीन ओली आहे. कोठारात ठेवतो."

"कोठारात? अहो, गारठलंय ते."

"भिजलंय म्हणून गारठलंय. कोरडं झालं की झालं. गुरवाचा ढोल सकाळी कसा निघतो ते बघतेस ना दर आठवड्याला?"

"ढोलाला थंडी वाजत नाही," बायको म्हणाली.

"तुला कोठारातलं काय कळतं," तो म्हणाला, आणि बोलणं तिथेच संपलं. वीस वर्षं ते तिथेच संपत आलं होतं.

एक सांगायला हवं, त्याने काम मन लावून केलं. पिल्लाला जुन्या धोतराने पुसलं. मिठाच्या राशीवर ढोल ठेवायची सपाट जागा होती, तिथे ते धोतर अंथरलं आणि त्यावर त्याला ठेवलं. भाकरीचा तुकडाही ठेवला. बायको वाटीत पाणी घेऊन आली, तर त्याने तिला दारातच हटकलं. "पाणी आत जात नाही. नियम माहीत आहे तुला." एका रात्रीचा तर प्रश्न होता. मग त्याने दार ओढलं, फटी लिंपल्या आणि लिंपणावर मोहर उठवली. हातपाय धुऊन तो आडवा झाला. आज आपल्या हातून एक चांगलं काम झालं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

थोड्या वेळाने घराला लागूनच असलेल्या कोठारातून कुईकुई ऐकू यायला लागली.

"रडतंय ते," बायको म्हणाली.

"नवी जागा आहे. ढोलसुद्धा सुकताना करकरतो."

कुईकुई थांबेना. मधूनमधून दारावर नखांनी ओरबाडल्याचा आवाज यायचा. कोठावळ्याने कूस बदलली. दार उघडलं तर राजाची मोहर मोडायची, दमट हवा आत घ्यायची, पाच महिन्यांचं मीठ पाझरवायचं, आणि पिल्लूही पुन्हा ओलं व्हायचं. म्हणजे म्हातारीला दिलेला शब्दही जायचा. ज्या बाजूने बघावं तिकडून दार न उघडणंच बरोबर ठरत होतं. बायको उठून गेल्याचं त्याला कळलं. ती कोठाराच्या दाराशी बसून आतल्या जिवाशी हळू काहीतरी बोलत होती. मोहर मोडायचा धीर तिलाही झाला नाही. बऱ्याच वेळाने ती भिजून परत आली.

मग आवाज थांबला.

"झोपलं," कोठावळा म्हणाला, आणि त्यालाही झोप लागली. बायकोला लागली नाही.

सकाळी पाऊस उघडला. म्हातारी तांबडं फुटायच्या आत येऊन उभी होती. रात्रभर भिजून तिचा आवाज बसला होता. पण आभाळ ढगांनी भरलेलं, आणि दारावर ऊन पडल्याखेरीज लिंपण फोडायचं नव्हतं.

"थोडं थांबा आजी," कोठावळा म्हणाला. "गाढ झोपलंय."

म्हातारी दाराला कान लावून उभी राहिली. तिने जिभेने टकटक असा आवाज केला. बांधावर ती पिल्लाला असंच बोलवायची, आणि ते जिथे असेल तिथून धावत यायचं. आतून काही आलं नाही. तिने पुन्हा टकटक केलं. कोठावळ्याची बायको घरात निघून गेली, तिला तिथे उभं राहवेना.

ऊन पडलं तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. कोठावळ्याने मोहर फोडली, लिंपण पाडलं आणि दार ओढलं.

पिल्लू राशीवर नव्हतं. दाराशी, अगदी फटीला नाक लावून पडलं होतं. रात्री घातलेल्या लिंपणाचा चिखल फटीतून थोडा आत आला होता. त्या साऱ्या कोठारात ओलं म्हणावं असं तेवढंच होतं. तो चिखल पिल्लाने चाटून चाटून गुळगुळीत केला होता. त्याच्या ओल्या केसांत रात्री मीठ भरलं असणार. गारठा असह्य झाला म्हणून त्याने अंग चाटलं असणार, चाटलं म्हणून तहान लागली असणार, आणि तहानेला पाणी नव्हतं. कोठावळा हे सगळं एका नजरेत समजला. मिठाचं त्याला सगळं समजायचं.

त्याने पिल्लू उचललं. हाताला वजन लागलं नाही. केस मिठाने ताठ झाले होते.

त्याने ते म्हातारीच्या हातांत दिलं. तिने डोक्यावरून हात फिरवला, मग पाठीवरून, मग पोटाखालून. पाय एकेक करून चाचपले. गळ्यातली दोरी चाचपली. गावात तेव्हा इतकी शांतता होती की खाडीचं पाणी ऐकू येत होतं.

"कोरडं आहे," ती म्हणाली.

ती काही टोचून बोलली नव्हती. हाताला लागलं ते तिने सांगितलं. कोठावळ्याला वाटलं, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पिल्लाला पदराखाली घेऊन, एका हाताने भिंती चाचपत ती आपल्या घराकडे गेली. वाटेत दोनदा अडखळली.

त्या आठवड्यात कोठावळ्याने स्वतः पेंढा नेऊन तिची झोपडी शाकारली. आता तिला विहिरीवर नेणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून रोज सकाळी गोड्या पाण्याची एक घागर तो तिच्या दारात ठेवू लागला. ती पाणी घ्यायची. घागर रिकामी करून त्याच्या हातात द्यायची. कधी बोलायची नाही, कधी रागवायचीही नाही. कोठारातलं मीठ त्याही वर्षी कोरडं राहिलं, राजाकडून शाबासकीही आली. पण पाऊस लागला की कोठावळा अंथरुणावर उठून बसायचा आणि कान देऊन ऐकायचा. बायको जागी असायची.

हिवाळा सरत आला तेव्हा एके दिवशी घागर ठेवून तो दारातच घुटमळला.

"आजी," तो म्हणाला, "पलीकडच्या गावात एक कुत्री व्यालीय. चांगली पिल्लं आहेत. एक आणून देऊ?"

म्हातारीने घागर आपल्या माठात ओतली. मग म्हणाली, "आणा."

त्याला थोडं हलकं वाटलं. तो वळला, तेवढ्यात ती पुढे बोलली.

"पण दादा, पाऊस लागला, छप्पर गेलं, तरी आता ते माझ्यापाशीच राहील. भिजायचं तर दोघं भिजू."

 कोठावळ्याने रिकामी घागर उचलली आणि खाली मान घालून तो बांधाच्या वाटेला लागला.

तात्पर्य एवढंच: मदत करताना आपल्याला काय चांगलं जमतं ते आधी बघू नये, समोरच्या जिवाला काय हवं आहे ते आधी बघावं.