ठिपकीच्या डोक्यातलं मुंगूस

ठिपकी कोंबडीचं कोणी खरं मानलं नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. फार पूर्वी ती अकरा अंड्यांवर खुडूक बसली होती. म्हणाली, "भिंतीमागे मुंगूस उकरतंय. मी उठले तर अंडी गार पडतील. कोणीतरी बघून या."

"खुडूक कोंबडीला भासच व्हायचे," शेळी म्हणाली.

"भास कसला, खूळ आहे," बोका म्हणाला.

कोंबड्याने मान ताठ केली. "कल्पना म्हणा. शब्द नीट वापरावा."

"अहो, शब्द राहू द्या, मागे जा," ठिपकी म्हणाली.

तिघं दुपारपर्यंत शब्दावरच भांडले. तेवढ्यात भिंत फुटली. ठिपकी चोचीनं झुंजली, पण अंडी गेली.

तिच्या भीतीला तिघांचे तीन शब्द होते. दोष कोणाचा, असं विचारल्यावर मात्र तिघांनी एकच नाव घेतलं. ठिपकी.