बत्तिसावी मूठ

बेलारूसच्या दक्षिणेला, जिथे जमिनीपेक्षा पाणीच जास्त आहे, तिथे अल्शित्सा नावाचं एक गाव आहे. त्या गावात तेकल्या नावाची विणकरीण राहत होती. कधी, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. तेव्हा दलदलीवरून जायला लाकडी ओंडक्यांच्या वाटा होत्या, एवढंच म्हातारी माणसं सांगतात.

तेकल्यानं लग्न केलं नव्हतं. मेलेल्या बहिणीची मुलगी हानुल्या, हेच तिचं घरदार. तेकल्या बोलायची थोडं, पण तिनं विणलेल्या कापडातून पाणीसुद्धा गळत नसे, असं म्हणतात.

एका उन्हाळ्यात गावात ताप आला. आधी म्हातारे गेले, मग मुलं आजारी पडू लागली. नवव्या दिवशी हानुल्यानंही अंथरूण धरलं. तेव्हा बायकांनी जुना उपाय करायचं ठरवलं. घरटी एक मूठ जवसाच्या खोडाचे तंतू गोळा करायचे, सूर्य उगवला की कातायला बसायचं आणि तो मावळायच्या आत त्या सुताचं एक लांब वस्त्र विणून पुरं करायचं. ते घेऊन गावाभोवती फेरा घालायचा, आजाऱ्यांना त्याच्याखालून न्यायचं, की आजार वेशीबाहेर जातो. सूर्य आधी मावळला, तर मात्र सगळं वाया.

सकाळी बाया तेकल्याच्या अंगणात जमल्या. कुणी तंतू विंचरले, कुणी सूत कातलं. तेकल्या मागावर बसली. पण हातभर विणून होतंय तोच धागा तुटला. गाठ मारली, पुन्हा तुटला. दुपार उलटली तरी तेच.

"तेकल्या, हाताला लोणी लावून बसलीस की काय?" शेजारची प्राक्सेदाकाकू म्हणाली.

तेकल्यानं धोटा खाली ठेवला. "मुठी किती आल्या?"

"एकतीस."

"आणि गावात चुली किती?"

बत्तिसावी चूल दलदलीच्या पलीकडे होती. तिथे खारितिना राहायची, झाडांपासून डांबर काढणाऱ्याची विधवा. ताप सगळ्यांत आधी तिच्या घरी आला होता, नवरा त्यातच गेला होता. तेव्हापासून तिच्या वाटेला कुणी फिरकलं नव्हतं.

"तिच्या घरचं सूत आपल्या वस्त्रात?" प्राक्सेदाकाकू म्हणाली. "तापाला हाकलायचंय गं, जेवायला नाही बोलवायचंय."

"तिला बाहेर ठेवून फेरा घातला, तर ताप तिच्याच दारातून परत आत येईल," तेकल्या म्हणाली आणि ओंडक्यांच्या वाटेनं निघाली.

खारितिना दारातच उभी होती. तेकल्यानं मूठ मागितली.

"मला वाटलं, माझ्या चुलीचा धूर तुम्हाला दिसतच नाही," खारितिना म्हणाली.

"दिसत होता. आम्हीच मान फिरवली," तेकल्या म्हणाली. "चुकलं आमचं. मूठ दे, आणि तूही चल. कातायला हात कमी पडतायत."

दोघी आल्या तेव्हा सूर्य रानाच्या शेंड्यांना टेकला होता आणि जवळजवळ सगळं वस्त्र विणायचं राहिलं होतं. प्राक्सेदाकाकू जरा घुटमळली, मग बाकावर सरकली.

"बस की. उभ्यानं सूत निघत नाही."

त्या संध्याकाळी सूर्य शेंड्यांवरच थांबला, असं म्हणतात. घरट्याकडे निघालेले करकोचे मध्येच कुरणात उतरून पुन्हा चरू लागले. धारेसाठी दारात आलेल्या गायी माघारी फिरल्या. धागा एकदाही तुटला नाही. तेकल्यानं शेवटचा धागा ठोकून बसवला, तेव्हा कुठे सूर्य खाली गेला.

बायांनी वस्त्र घेऊन फेरा घातला, तो दलदलीपलीकडच्या घराला वळसा घालूनच. तेकल्यानं हानुल्याला उचलून वस्त्राखालून नेलं. पलीकडे येताच पोर कुरकुरली, "मावशी, खाली ठेव ना. भूक लागलीय मला."

त्या फेऱ्यानंतर त्या उन्हाळ्यात गावात कुणी दगावलं नाही, असं म्हणतात.

आता तिथे डांबरी रस्ता आहे. तरीही दर वसंतात अल्शित्साच्या बाया तेकल्याच्या नावानं एका दिवसात एक वस्त्र विणतात आणि वेशीवरच्या क्रुसाला बांधतात. मूठ मागायला सुरुवात होते ती सगळ्यांत लांबच्या घरापासून, किंवा गावात नवीन आलेल्या घरापासून. ज्यांच्याकडे जवस नसतो, ते दुकानातला दोरा देतात, तोही चालतो. मग सगळ्यांत म्हातारी बाई मागापाशी उभी राहते आणि मोठ्यानं विचारते, "कुणाचं घर राहिलं का?"

आणि उत्तरासाठी सगळ्या खरोखरच थांबतात.